टीचरच्या कॉम्प्युटरमधले तीन डोस

प्रिय बिनोय,

घरचा इन्व्हर्टर, अम्मच्चीच्या स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा, आपल्या पाला गावच्या चर्चचा पहिला अॅम्प्लिफायर, भंगारातल्या तीन मशिनी मोडून जुळवलेला एक कॉम्प्युटर, आणि तू. एवढं या हातांनी घडवलं, एकाही कोर्सचं सर्टिफिकेट नसताना. सोल्डरिंगची पहिली तार तुला मीच धरायला शिकवली. पहिल्या चार वस्तू अजून नीट चालतात.

बुधवारी एलिकुट्टी टीचरनी बोलावलं, आपल्या दोघांना गणित शिकवणाऱ्या. त्यांचा ऑस्ट्रेलियात, पर्थला असलेला भाऊ चाको वारला. दफन गुरुवारी, आपल्याकडच्या सकाळी साडेसातला, नेहमीसारखं लाइव्ह. मोतीबिंदूमुळे त्यांना मोबाइलवर काही दिसत नाही, मोठा पडदाच लागतो. पण मंगळवारी तिथल्या प्रार्थनेत फादरचा हात दहा मिनिटं हवेतच अडकून राहिला होता. गाणी पुढे गेली, चित्र मागे. तुझ्या शोरूमला फोन केला तर उत्तर आलं, बोर्ड गेलाय, नवा घ्या, शनिवारी मिळेल. मशीन न बघता!

मी डबा उघडला. वर क्रोशाचं झाकण, चालू असतानाही न काढलेलं, आणि पंख्याच्या जाळीत मुंग्यांचं घर. ते टीचरचं पाप, मान्य. पण आत तीन अँटीव्हायरस. तीन वर्षांचे तीन, आधीचा न काढता त्याच्यावर पुढचा. प्रत्येक फाइल तिघं तपासणार आणि एकमेकांनाही तपासणार, मग व्हिडिओनं श्वास कुठून घ्यायचा? मी विचारलं तर टीचर म्हणाल्या, "तुझ्या भावानंच सांगितलं ना, पोलिओचे डोस जास्त झाले तर बिघडतं काय, टीचर?" मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एकच जागेवर होती. सगळ्या डब्यात बोटभर धूळ, आणि रिकाम्या खाचेत कणही नाही; म्हणजे पट्टी नुकतीच काढलेली, आणि हा डबा तुझ्या माणसांखेरीज कुणी उघडत नाही. मी स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि हात धुऊन आलो. किळस आली, बिनोय. धुळीची नाही.

तिन्ही काढले. पंखा ब्रशनं साफ केला, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, माझ्याकडची जुनी पट्टी बसवली, चित्राचा ड्रायव्हर नव्यानं घातला, व्हिडिओचा दर्जा एक पायरी खाली आणला. तीन तास लागले. बोर्ड ठणठणीत आहे.

गुरुवारी मी टीचरशेजारीच बसलो. एकदाही अडकलं नाही. चाकोचं तोंड रुमालानं झाकण्याआधी घरच्यांनी ओळीनं शेवटचं चुंबन घेतलं. शेवटचा माणूस बाजूला झाला तशा टीचर गुडघे धरत उठल्या आणि त्यांनी पडद्यावरच्या कपाळाला ओठ लावले. त्या मागे सरकल्या, मग पांढरा रुमाल आला. शनिवारी काय दाखवणार होतास त्यांना?

आता तुझ्या रविवारच्या फोनचं उत्तर. त्यासाठीच लिहायला बसलो, तोंडानं बोललो असतो तर शिव्या दिल्या असत्या. मी माझ्या दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप लावायचं, तुझ्या काउंटरवर बसायचं आणि पाच वर्षांवरच्या प्रत्येक मशीनच्या चिठ्ठीवर 'दुरुस्त होणार नाही' अशी सही करायची, कारण पालात लोक माझी सही मानतात. नाही करणार. महिना पंच्याहत्तर हजार रुपये म्हणाला होतास.

तुझाच थोरला, इलाज नाही म्हणून,
जोयिचेट्टन