नील निघण्याआधी

२१ सप्टें. २००५, शॉमबर्ग
"निघालेल्याला मागून हाक मारू नये," असं आई म्हणाली होती. शिकायला नागपूर सोडलं तेव्हा माझा डबा घरीच राहिला. तो घेऊन ती फाटकाबाहेर धावली, मला मागे टाकून पुढे गेली, मग वळून समोर उभी राहिली. धापा टाकत. हाक मारली नाहीच.

आज बॅगा भरताना हे कुठून आठवलं कोण जाणे. उद्या मोंटाना, चौघंही. पुढच्या महिन्यात नील आर्मीच्या ट्रेनिंगला. त्यानंतर इराक, हे घरात कुणी उच्चारत नाही. एकोणीस वर्षांचा आहे. एक वर्ष कॉलेज करून सोडलं. का, तर "बाबासारखं स्क्रीनपुढे बसायचं नाही."

मिलिंदने बजावलंय, ट्रिपमध्ये तो विषय नको. "चार दिवस सुखाने जाऊ दे गं." बरं म्हटलं.

लायब्ररीत माझ्याबरोबर काम करते ती पॅट परवा म्हणाली, तिच्या भाच्याने आर्मीत भरतीची शपथ घेतल्यावर, ट्रेनिंगच्या आदल्या आठवड्यात नाही म्हणून कळवलं. कुणी काही केलं नाही त्याला. निघेपर्यंत नाही म्हणता येतं. मि.ला सांगितलं नाही अजून. नीलला माहीत नसेल तर?

२३ सप्टें., लॉज
थंडी. तळ्यापलीकडचा डोंगर पिवळा. पाइनसारखी झाडं, पण पानगळ होणारी. सई म्हणते, लार्च. चौदाव्या वर्षी तिला सगळंच माहीत.

रेंजरबाईंनी सांगितलं, वाटेवर आवाज करत चाला, अस्वल दचकायला नको. मी सईचे जुने घुंगरू आणलेत, सॅकला बांधले.
"आई, प्लीज. पीपल आर लुकिंग."
नील म्हणाला, अस्वलांना वाटेल अरंगेत्रम आहे. खूप हसलो.

२४ सप्टें.
पाय सुजलेत. थोडक्यात लिहिते.

नीलने सगळ्यांचं पाणी स्वतःच्या सॅकमध्ये भरलं. मि. म्हणाला, अरे जड होईल. "प्रॅक्टिस," म्हणाला. विषय आम्ही काढलाच नव्हता.

ग्लेशियर मला वाटलं होतं त्याहून लहान. राखाडी, कडेला चिखल. पाण्यात तुकडे तरंगतायत. शेजारचे एक आजोबा म्हणाले, ते तरुण असताना बर्फ पार या दगडांपर्यंत असायचा. मि. म्हणाला, बरं झालं वेळेवर आलो. तिथेच दशम्या खाल्ल्या, शेंगदाण्याची चटणी. नीलने चार खाल्ल्या. तो जेवताना बघत राहिले, तर "काय?" म्हणाला.

उतरताना तो झुडपांच्या वळणामागे दिसेनासा झाला. मि. म्हणाला, हाक मार गं, अस्वल-बिस्वल असेल. माझ्याच्याने मारवेना. सईने मारली. आला परत, हुंदडत.

पुढे ओल्या दगडांवर त्याने माझं कोपर धरलं. मि. आणि सई पुढे गेले होते. तेव्हा बोलले.
"नील, अजून नाही म्हणता येतं तुला."
"आय नो, आई."
"कधीपासून?"
"फर्स्ट डे पासून." मग म्हणाला, "जपून, इथे शेवाळ आहे."

त्याला माहीत नाही, एवढाच माझा आधार होता.

२५ सप्टें., पहाटे
रात्री बर्फ पडला. वरची वाट बंद, असं खाली लिहून लावलंय. मि. झोपलाय. त्याला आता सगळं सांगायला हवं, चिडेल.

इतके महिने मी नीलला काय काय पुरवलं. पेपरातल्या बातम्या, कॉलेजांची पत्रकं, काल पॅटकडून कळलेलं. मागितलं मात्र काहीच नाही. आई असून मागायला संकोच कसला? की 'नाही' ऐकायची भीती?

खिडकीतून नील दिसतोय. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतोय, हातमोजे न घालता. सई अजून आत आहे.

खाली जाते. कारण देणार नाही, इराक म्हणणार नाही. तो मान हलवेल, "आई, डोन्ट" म्हणेल, कदाचित मला जवळही घेईल. तरी म्हणणार आहे: नील, माझ्यासाठी नको जाऊस.