डोणीतले निळे दाणे

आई,

आपल्या न्हाणीचं पाणी अजूनही चरातून बकऱ्या पितात त्या डोणीतच जातं. मी लहान असताना उन्हाळ्यात तू मला न्हाणीतल्या दगडावर बसवून मसुराच्या भरड पिठाने घासायचीस. "हालू नको गं, मळ हाय का चामडं, दिसू दे मला," तू म्हणायचीस आणि मी रडता रडता हसायचे. पिठाच्या वासाने बकऱ्या डोणीवर धावून यायच्या. साबण असला की मात्र तू आधी चराच्या तोंडाशी ओल्या मातीचा गोळा दाबायचीस, म्हणजे पाणी उकिरड्याकडे वळायचं. एकदा मी तो लावला नाही. पाण्याची एवढी टंचाई, तरी तू अख्खी डोण उपसून टाकलीस. "काहून लावला न्हाई गोळा? बकरी पेली तं दूध कोन पेते? तूच ना?"

तू गेल्यावर मी रसायनशास्त्र शिकले. आता औरंगाबादला सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत आहे. चेहरा घासायच्या क्रीममध्ये कोणते दाणे घालायचे, ते तपासणं माझं काम. सध्या प्लास्टिकचे घालतो. निळे, गोल, एकसारखे, ओरखडा न काढणारे, कधीही न सडणारे. या खेपेला घरी येताना वहिनीसाठी त्याच क्रीमची ट्यूब आणली.

काल सकाळी डोणीच्या काठाला निळी रेघ दिसली. बोटावर घेतली. आमचेच दाणे. वहिनीने गोळा लावला नव्हता. "ताई, साबन कुठं लावला मी? तुमीच म्हन्ल्या ना, हे साबन न्हाई." मी तसं म्हणाले होते, आणि ते बरोबरच होतं. तोवर शेळी पिऊन गेली होती. वहिनीचं दूध आटलंय. दादाचं लेकरू त्याच शेळीच्या दुधावर आहे.

तो दाणा दुधात उतरणार नाही. लेंडीतून जसाच्या तसा बाहेर पडेल. एवढं मला कळतं. पण झिजून झिजून तो किती बारीक होतो, हे मी कधी मोजलेलं नाही, आणि कारखान्यात कुणी विचारलेलंही नाही. डोणीतलं पाणी जुन्या लुगड्यातून गाळलं. फडक्यावर राहिलेले दाणे हातात घेऊन उभी राहिले. उकिरड्यात टाकले तर खताबरोबर शेतात जातील, जाळले तर धूर लेकराच्या नाकात. शेवटी डब्यात बंद केले. वहिनी हसायला लागली. "एवढुशा दान्यायला भिऊन राहिल्या? तुमच्याच कारखान्यातलं हाय न व्हय?"

नव्या क्रीमसाठी दाणे मलाच सुचवायचे आहेत. अक्रोडाच्या कवचाची भुकटी कातडी ओरखडते. धान्याची भरड ट्यूबमध्ये आंबते, आणि ती आंबू नये म्हणून जे घालावं लागेल, ते तरी डोणीत गेलेलं चालेल का? कोरडी भरड डबीत भरून विका, असं मी सांगणार आहे. साहेब विचारतील, घेणार कोण?

संध्याकाळी वहिनीने धार काढली, दूध गाळून-तापवून बाटलीत भरलं आणि बाटली माझ्या हातात दिली. "घ्या, तुमीच पाजा. आत्या हाय तुमी." मी ते आधी पुन्हा गाळलं. गाळण्यात काही नव्हतं. लेकरू घटाघटा प्यायलं.

आई, रिकामी बाटली उजेडाकडे धरून मी तळाशी निळं काही दिसतं का ते पाहिलं. वहिनीला दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसले होते.