ट्रंक भरण्याआधी मीनूची सुई

गुरुवार, १० जून १९९९, महानगर कॉलनी

यांना टेरिटोरियल आर्मीचं, म्हणजे नोकरी सांभाळून करायच्या फौजेचं, बोलावणं आलंय, परवा निघायचं. आणि आमच्या बारा वर्षांच्या मीनूला मधुमेह निघाला, तिला इस्पितळातून घरी आणून आठच दिवस झालेत. रोज दोनदा इन्सुलिन. सुई आजवर यांनीच टोचली. मी बाजूला उभी राहून नुसत्या सूचना दिल्या.

संध्याकाळी हे काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव-नंबर रंगवत होते. तिथूनच म्हणाले, "आज तू दे."

"आधी तुमचं नाव तरी पुरं करा."

"नाव होईल. सिरिंज भर."

सिरिंज भरली, सुई तिच्या दंडाजवळ नेली आणि पुन्हा मागे घेतली. मीनू इथल्या शाळेच्या सवयीने हिंदीत म्हणाली, "आई, लगना मुझे है, डर तुम रही हो." तिला दटावलं आणि त्याच दमात टोचलं. हे पुन्हा ट्रंकेकडे वळले. "सकाळीही तूच."

घरात सुई देणारं दुसरं कुणी नाही, असा अर्ज करून महिन्याची मुदत मागा, हे आज यांना सांगायचं ठरवलं होतं. मग मी शिकायला आठ दिवस लावले ते भीतीने, की याचसाठी? दोन्ही असेल. आता मला सुई देता येते, तो अर्ज खोटा होईल, आणि खोटं यांच्या हातून लिहिलं जाणार नाही.