रेमीच्या पुढची भिंत

पाँ-ब्लाँ, लुइझियाना
एप्रिल, ईस्टरनंतरचा सोमवार

प्रिय क्लोतीलताईस,

गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे वाकून नमस्कार जमत नाही. बसल्या जागेवरून पण मनापासून करते, तो पोचला असं समज. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं सुनेनं कळवलं. आता माझं पत्र तुला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागणार नाही, म्हणून मुद्दाम लांबवते आहे. टेक्सासची कोरडी हवा तुला मानवत नाही हे मी तुझं लग्न ठरलं तेव्हापासून सांगत आले, पण ते असो. इकडे सगळं ठीक. अझेलियाची झुडपं फुलून गेलीत, माझा रक्तदाब आटोक्यात आहे, आणि मी दर गुरुवारी चार राक्षसांना जेवू घालते.

गेल्या नोव्हेंबरात रेमीचा कॉलरबोन मोडला ते तुला माहीत आहेच. लोक फुटबॉलच्या सामन्यात चेंडूकडे बघतात. मी मात्र नातवाच्या पुढे भिंत करून उभ्या राहणाऱ्या पाच मुलांकडे बघते. चेंडू कुणाकडे फेकायचा हे रेमीचं ठरेपर्यंत समोरच्या धटिंगणांना अंगावर येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. त्या दिवशी भिंत पडली. स्ट्रेचरवरून मला म्हणतो, "मॉमॉ, रडू नको, उजवा हात शाबूत आहे!" डॉक्टर म्हणाले, तिथेच पुन्हा मोडलं तर खेळ कायमचा बंद. आणि पोराचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष. मी त्याच्या आईला म्हटलं, बंदच करूया. तर रेमी नुसता खिडकीबाहेर बघत बसला, लहानपणी वादळामुळे जत्रा रद्द व्हायची तेव्हा बसायचा ना, तसा. मग मीच तो विषय सोडला.

आणि नाताळच्या आत ती पाचही मुलं गेली! एकाचं शिक्षण संपलं, त्याला काय म्हणणार. पण बाकीच्या चौघांनी ते कॉलेज बदलायचं पोर्टल असतं ना, त्यात नाव टाकलं. आज नाव टाकायचं आणि आठवड्यात दुसरं कॉलेज उचलून नेतं. (आपल्या वेळी मुलींची लग्नंसुद्धा इतक्या घाईनं ठरत नव्हती.) माझ्या टेबलावर तीन वर्षं जेवलेली मुलं, ताई! त्यांतल्या एकाला म्हणे दुसऱ्या कॉलेजातल्या कुणाच्या तरी मावशीनं गोड बोलून फोडलं. दुसऱ्याच्या घरचं मूल असं पळवायचं म्हणजे काय निर्लज्जपणा! मी त्या बाईसाठी जपमाळ ओढायला घेतली होती, पण मनात भलतंसलतंच येऊ लागलं, म्हणून सोडून दिली.

तर भिंत बांधणारे कोच प्रेजाँ त्याच पोर्टलमधून नवी मुलं शोधायला बसले. चार मिळाली. मिनेसोटाचा अँडर्स, जो काळी मिरी पाहूनच घाम पुसतो, अलाबामाचा डिमेट्रियस, जो मला दारातच म्हणाला, "मिस यूलाली, माझ्या आजीचा गंबोचा रस्सा याहून दाट असतो" (मी त्याला दुसऱ्यांदा वाढलं नाही, तिसऱ्यांदा वाढलं), ओहायोचा एक गोरापान मुलगा, ज्याचं तोंड फक्त खाण्यासाठी उघडतं, आणि मधोमध उभा राहणारा सामोआचा फेतू. केवढा तो देह! माझ्या दारातून तिरका आत येतो. आणि आवाज? चर्चमध्ये पाप सांगताना मी याहून मोठ्यानं बोलते.

एका गुरुवारी कोच मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले आणि टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, "मिस यूलाली, बुडालो. मधल्यानं समोरच्यांना बघून ओरडायचं असतं, कुणी कुणाला अडवायचं ते. हा पुटपुटतो. शेजारच्याला ऐकू जात नाही, तर टोकाच्याला काय जाणार? असंच चाललं तर सप्टेंबरात सामने सुरू झाल्यावर रेमी महिनाभरही टिकत नाही."

मी म्हटलं, "त्याला ओरडायला सांगा ना."

"सांगितलं. त्यानं माफी मागितली. तीही ऐकू आली नाही!"

तेव्हा मला आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर पर्पेचुआ आठवल्या. हॉलच्या पार शेवटच्या बाकामागे उभ्या राहायच्या आणि आपण व्यासपीठावरून कविता म्हणायची. ऐकू आलं नाही की नुसती मान हलवायच्या. किंचाळलीस तरी मान हलवायच्या. आवाज पोटातून यायला हवा, पोरी, घशातून नव्हे! (तू तिथे बक्षीस घेतलंस, मी रडले.) तर पुढच्या गुरुवारी मी फेतूला टेबलाच्या टोकाला बसवलं, जेवणाआधीची प्रार्थना त्याच्याकडे दिली, आणि स्वतः मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिले. मला 'आमेन' ऐकू आलं तरच पातेल्याचं झाकण उघडणार. पहिल्या गुरुवारी गंबो गार झाला. डिमेट्रियस कळवळून म्हणाला, "अरे बाबा, देवाला नाही तर निदान तिला तरी ऐकव!" दुसऱ्या गुरुवारी ओहायोवाला प्रथमच बोलला, "मोठ्यानं," एवढंच. लेंटचे उपवास संपता संपता फेतूची प्रार्थना अंगण ओलांडून गेली आणि कुंपणापलीकडून शेजारच्या म्हाताऱ्या गिड्रींनी 'आमेन' म्हटलं. चौघं टेबलावर थापा मारत उठली. मी दोरीवरच्या चादरीला डोळे पुसले.

परवा शनिवारी वसंतातला सराव सामना झाला, आपल्याच संघाचे दोन भाग करून. सगळं गाव लोटलं होतं. फेतू चेंडूवर वाकला, समोरच्यांकडे पाहिलं आणि पोटातून, थेट शेवटच्या बाकापर्यंत, अगदी माझ्या घरच्या प्रार्थनेच्या सुरात ओरडला. काय सांगू ताई! अँडर्सनं मान खाली घातली. ओहायोवाल्यानं डोळे मिटले. डिमेट्रियसनं हेल्मेट काढायला हात वर नेला. समोरचे सगळे त्यांच्यामधून चालत आल्यासारखे आले आणि माझा रेमी पाठीवर आडवा! मी कठडा धरला. आणि पडल्या पडल्या रेमी मोठ्यानं म्हणाला, "आमेन!"

ती चौघं हसता हसता गवतावर लोळली. मग चौघांनी मिळून त्याला उचललं, झटकलं, मूल उभं करतात तसं उभं केलं. त्यानंतर, ताई, भिंत हलली नाही. निदान मधून आणि उजवीकडून नाही. रेमी मागे उभा राहून विचार करत होता! त्या पोराला सावकाश विचार करताना मी नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा पाहिलं. यंदा देवाच्या मनात काही चांगलं आहे असं वाटतं.

इकडची काळजी करू नकोस. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल, गाडी चालवू नकोस.

तुझी धाकटी,
यूलाली

ता. क. भिंतीत पाच लागतात आणि मी चारच सांगितले, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. डावीकडचा पाचवा येतो म्हणाला आणि फ्लोरिडाला गेला. सध्या तिथे ट्रम्बोन वाजवणारा एक मुलगा उभा करतात. गुणी आहे, पण त्याच्या बाजूनं वारासुद्धा अडत नाही. तुझा थोरला नातू लुसियन त्याच्या कॉलेजात डावीकडेच खेळतो ना? गेलं वर्षभर त्याला बाकावर बसवून ठेवलं असं तुझ्या नाताळच्या कार्डात होतं. सहज विचारते, तो तिथे खूश आहे का? पोर्टल या आठवड्याअखेरपर्यंत उघडं आहे. दुसऱ्यांच्या मुलांशी बोलायला कोचना बंदी असते. आजीच्या बहिणीबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही. मी रेमीकडून वाचून घेतलं.

ता. क. २. खूश आहे म्हणाला तर विषय तिथेच सोड. सुखात असलेलं मूल हलवू नये. मात्र दोनदा विचार. आपल्या घरात पहिलं उत्तर सभ्यतेपोटी असतं.

ता. क. ३. उजव्या हातानं फेकणाऱ्याला डावीकडून येणारा दिसत नाही गं, ताई. तिथे घरचं कुणी असलं तर मला झोप लागेल. मागची खोली रंगवून घेतली आहे, आणि पलंग सुताराकडून दीड फूट लांब करून घेतला. कशासाठी ते सुताराला सांगितलेलं नाही.