आन्याचं करिअर आणि घरातलं खाकरणं

१ सप्टेंबर, सोमवार
लेबर डेची सुट्टी. आजपासून रोजनिशी. मुलीच्या करिअरचा निर्णय वैज्ञानिक पद्धतीनं कसा घेतला, याची नोंद राहावी म्हणून. आन्या यंदा बारावीला. मला तिच्या वयात हवामानशास्त्र शिकायचं होतं. अकोल्याच्या घरी तसं म्हणालो, माझे वडील, अण्णा, एकदा खाकरले आणि मी मेकॅनिकलला गेलो. संपला विषय. मी तसा बाप नाही. आन्यानं स्वतःच्या पर्सनॅलिटी टाइपला सूट होईल ते करावं. काहीही. अगदी काहीही.

६ सप्टेंबर, शनिवार
आन्यानं ऑनलाइन टेस्ट दिली. टाइप: शांत, सोबत करणारी, दुसऱ्याचं दुःख पेलणारी. करिअर: नर्स, काउन्सेलर, फ्युनरल डायरेक्टर, म्हणजे अंत्यसंस्काराचं सगळं बघणारी. शेवटच्यावर बोट ठेवून म्हणाली, हेच. मला वाटलं विनोद करतेय. हसलो. एकटाच हसलो.

दुपारी तिच्या नावानं टेस्ट मीच परत दिली. ती घाई करते, प्रश्न नीट वाचत नाही. शेवटी बाप तिला जास्त ओळखतो. रिझल्ट: सिस्टिम्स इंजिनिअर. वा! विज्ञान ते विज्ञान.

आनंदाची बातमी द्यायला तिच्या दाराशी गेलो, तर कुणीतरी खाकरलं. हुबेहूब अण्णा. अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं. बेसमेंटमधल्या, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा आवाज असणार.

९ सप्टेंबर
पुन्हा आलं. त्याच जागी. इथं डेट्रॉइटजवळ, नोव्हायमधल्या ऑफिसात माझं कामच हे: नवी गाडी कुठं करकरते, कुठं खडखडते ते कानानं शोधायचं. आणि स्वतःच्या घरातला एक आवाज सापडू नये? फर्नेस बंद केला. व्हेंट उघडला. त्यात एक मोजा मिळाला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. बेसमेंटचा दिवा मात्र चालू ठेवणार आहे. सेफ्टीसाठी.

१४ सप्टेंबर, रविवार
अण्णांचं श्राद्ध. घरामागच्या लाकडी डेकवर पान ठेवलं. कावळा समोरच्या मेपलवर बसलेला, पण खाली येईना. खीर गार झाली. शैलजा म्हणाली, अहो, अण्णांची काहीतरी इच्छा राहिली असेल, बोला काहीतरी. मी हात जोडले. म्हणालो, अण्णा, आन्याला इंजिनिअर करतो, शब्द देतो.

कावळा उडाला आणि शेजाऱ्याच्या अंगणातल्या बार्बेक्यू ग्रिलवर जाऊन बसला.

वळून पाहिलं तर स्लायडिंग डोअरमध्ये आन्या. तिला मराठी नीट बोलता येत नाही, पण समजतं सगळं. हे मी दर वेळी विसरतो.

११ ऑक्टोबर
आन्या जेवताना बोलत नाही. शैलजाकडून कळलं, डेट्रॉइटच्या एका कॉलेजात मॉर्च्युअरी सायन्सचा कोर्स शोधलाय. गेलेल्या माणसाला न्हाऊ-माखू घालायचं, तयार करायचं, घरच्यांना सांभाळायचं. अरे देवा! महाराष्ट्र मंडळात काय तोंड दाखवू?

तरी मोकळ्या मनानं तिच्या खोलीकडे गेलो. फक्त चर्चा करायला. दाराशी पोचतो तोच ते खाकरणं, अगदी कानाशी. तसाच परत फिरलो. मला भीती वाटतेय. अण्णांना दिलेला शब्द पाळला नाही तर ते या घरातून जाणार नाहीत.

२५ ऑक्टोबर, शनिवार
ऑफिसातला भारी मायक्रोफोन आणून हॉलवेत लावला. आता बघतोच.

२६ ऑक्टोबर, रविवार
दोघींना बसवून रेकॉर्डिंग लावलं. पुरावाच द्यावा म्हटलं. आधी सपातांचा फटक फटक आवाज. तो आन्याच्या दाराशी थांबला. मग खाकरणं. मग परत फटक फटक.

शैलजा म्हणाली, अहो, हे तुम्हीच.

मी म्हणालो, मशीन बिघडलंय.

आन्या इंग्रजीत म्हणाली, बाबा, तू नाही म्हणायच्या आधी नेहमी असंच करतोस. दार उघडायच्या आत मला उत्तर कळलेलं असतं. मग म्हणाली, आजोबा गेले तेव्हा आपण फोन किचन काउंटरवर टेकवून व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं. मध्येच स्क्रीन अडकली. आजोबांना कुणी उचललं तेसुद्धा दिसलं नाही, आणि तू नुसती स्क्रीन पुसत बसलास. मला त्या खोलीत असायचं होतं. आता निदान दुसऱ्या कुणाच्या वेळी तरी असेन.

बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि खूप रडलो. अण्णा गेले तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

१ नोव्हेंबर, शनिवार
आज हो म्हणायचं. ठरलं. दाढी करताना आरशात प्रॅक्टिस केली. हो. छान जमतं.

नाश्त्याच्या वेळी आन्या गाडीची किल्ली घेऊन आली. आज त्या कॉलेजचा ओपन हाउस आहे, कॉलेज बघायला बोलावलंय म्हणाली. आणि चक्क मराठीत विचारलं, बाबा, तू येतो माझ्याबरोबर?

मी तोंड उघडलं. आधी खाकरणंच आलं.

ती ओके म्हणाली. चिडली नाही, काही नाही. बूट घातले आणि एकटीच गेली.

मी हो म्हणणारच होतो. सपाता घालून तसाच ड्राइव्हवेवर धावलो आणि मोठ्यानं हो म्हणालो. गाडी तोवर वळली होती. समोर पानं गोळा करणाऱ्या शेजाऱ्याला वाटलं त्यालाच हाक मारली. त्यानं हात केला. मीही केला.