घुमटाची राहिलेली तीन वर्तुळं

प्रिय दादा,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर बाबांचं नाव निघालं की तुझ्या दारात लगेच कुणीतरी आलेलं असतं. आता बस आणि शेवटपर्यंत वाच. भुणभुण म्हणतोस ना मला, मग ऐकून घे.

परवा आम्ही दोघं गाडीने माझ्या नणंदेकडे निघालो होतो. पुलाचं काम चालू, रस्ता बंद. तुझ्या मेहुण्यांनी कुणालाही न विचारता आडवाट धरली आणि व्हायचं तेच झालं, टायर बसला. पंक्चरचं दुकान शोधत चालत गेलो, तर पत्र्याच्या शेडच्या रांगेत मध्येच एक विटांचा घुमट. चांगला दोन मजले उंच, आणि आत सायकलींचं दुकान. मी मान वर केली आणि अंगावर काटाच आला. विटांची वर्तुळं चढत गेली होती, पण डावीकडे कलत, उलटी. नीट दिसेना म्हणून मी सरळ तेलकट फरशीवर आडवी झाले. हे लाजून बाहेर जाऊन उभे राहिले.

लहानपणी पाण्याच्या टाकीवर बाबा असंच गोल झाकण बांधत होते, तेव्हा विटा मीच हातात दिल्या होत्या. खाली टेकू न लावता, डाव्या हाताने असं चढवत नेणारा दुसरा गवंडी मी पाहिलेला नाही. हो, हा तोच, बाबांचा अर्धवट राहिलेला घुमट. तू इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडला होतास, हिशेबाचा कागद हातात घेऊन जागेच्या मालकाला बाबांसमोर सांगितलंस की हा दोन वर्षंही टिकणार नाही. काम थांबलं, मालक म्हणाला पाडून टाकतो. बाबांनी थापी धुऊन पिशवीत ठेवली आणि पुढे फक्त कुंपणाच्या भिंती बांधल्या. एकवीस वर्षं तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलता आहात. निरोप पोचवून पोचवून मी थकले रे.

सायकलवाल्याने सांगितलं, पाडायला आलेले मजूर दोन दिवस घण घालून दमले आणि निघून गेले. घणाचे वण मी हात लावून पाहिले. मागच्या वादळात आजूबाजूचे सगळे पत्रे उडाले, इथली वीट हलली नाही. फक्त मधोमध, काम थांबलं तिथे, गाडीच्या चाकाएवढं भोक आहे. त्यावर त्याने जुन्या बसची काच ठेवली आहे. उन्हाचा गोल जमिनीवर फिरत हवेच्या पंपापाशी आला की सायकलवाला जेवणाचा डबा उघडतो. पावसात मात्र गळतं. बुजवायला जो येतो तो वर बघतो आणि नको म्हणतो.

तुला टोचायला हे लिहीत नाही. तू बावीस वर्षांचा होतास. गोल छपराला सपाट छपराचा हिशेब लावला, हे तू नंतर मला कबूल केलंस, बाबांना कधीच नाही. मी मोजलं, तीन वर्तुळं राहिली आहेत. बाबांचे हात आता कप धरतानाही थरथरतात. ते खाली खुर्चीवर बसून सांगतील, वर चढून विटा तू लावायच्यास. शनिवारी दुकान रिकामं करून ठेवायला सांगून आले आहे. घुमट उभा आहे हे बाबांना अजून माहीत नाही. दोन दिवस मी तोंड मिटून बसले आहे, माझ्यासाठी ते किती कठीण हे तुला ठाऊक आहे. पण हा निरोप मी पोचवणार नाही. तू ये, आणि तूच सांग.

तुझीच,
भुणभुण