एक लाईन, दोन गिऱ्हाइकं

२ मार्च, सकाळी
नोकरी सोडली. एकदम मोकळं वाटतंय. आजपासून मी म्हणजे कंपनी. मागची खोली हेड ऑफिस. इस्त्रीचं टेबल तिथेच राहणार, ही ऐकत नाही.
धंदा असा: दुकानं, दवाखाने, क्लासेस यांचं वायफाय, वायरी आणि इंटरनेटवरून चालणारा फोन, सगळं आपण सांभाळायचं. गिऱ्हाइकाने फक्त रिसीव्हर उचलायचा. याला मॅनेज्ड सर्व्हिस म्हणतात. हिला नीट समजावलं. ही म्हणाली, आधी आपल्या बेडरूमपर्यंत वायफाय पोचवा. बायकोला दूरदृष्टी नाही.
टार्गेट: वर्षअखेर शंभर गिऱ्हाइकं. माणसाने नम्र असावं म्हणून नव्वद लिहितो.

५ मार्च
पहिलं गिऱ्हाईक! कोपऱ्यावरचे डेंटिस्ट. माहितीपत्रक घेऊन गेलो, तर रिसेप्शनिस्ट बाईंनी काही न विचारता रांगेत बसवलं. बाई कडक. हसणं सोडा, ओठसुद्धा हलवत नाहीत. आत खुर्चीत बसलो, बोलायला तोंड उघडलं, ते डॉक्टरांनी तसंच धरून ठेवलं. अर्धं प्रेझेंटेशन नुसत्या स्वरांत झालं. शेवटी हो म्हणाले. दाढ गेली, गिऱ्हाईक आलं.
घरी आलो तर जीभ बधीर. ही म्हणाली, दोन दिवस असेच राहा.

९ मार्च
दुसरं गिऱ्हाईक. मागच्या गल्लीतलं ड्रायव्हिंग स्कूल. मालक, शिक्षक आणि गाडी पुसणारा, सगळं एकच: मास्तर. चाळिशीचा एकटा माणूस, ब्रेक ब्रेक ओरडून घसा बसलेला. त्यांची जुनी लाईन उंदरांनी कुरतडली, त्यामुळे फार विचार करायच्या मनःस्थितीत नव्हते. असंच गिऱ्हाईक हवं. भागात उंदीर कुठे कुठे आहेत, याचा सर्व्हे करणे.

१४ मार्च. लाँच!
दोन्हीकडे फोन बसवले. वायरी अशा पक्क्या ठोकल्या की मी दवाखान्यात शिडीवरून पडलो, पण एक वायर हलली नाही.
स्वागताचा मेसेज माझ्या आवाजात: आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया लाईनवर थांबा. खूप घोटून रेकॉर्ड केला. ऐकून हिने विचारलं, कोण गेलं?
अकराला स्विच ऑन. फोन वाजला! अंगावर काटा आला. मी टाळ्या वाजवल्या. गाल सुजलेल्या एका पेशंटनेही वाजवल्या.

१५ मार्च
किरकोळ अडचण. डॉक्टरांचे कॉल मास्तरांकडे जातायत, मास्तरांचे डॉक्टरांकडे. दाढदुखीने रडकुंडीला आलेल्या आजींना मास्तर म्हणाले, घाबरू नका, पहिल्या दिवशी सगळ्यांचेच पाय लटपटतात, फक्त ब्रेक कुठे आहे ते लक्षात ठेवा. आणि गाडी शिकायची म्हणणाऱ्या एका काकांना बाईंनी सांगितलं, सोबत कोणीतरी आणा, आणि झाल्यावर दोन तास काही खाऊ नका. काका फिरकलेच नाहीत.
पाच मिनिटांचं काम आहे.

१६ मार्च
पाच मिनिटांचं काम दिवसभर केलं. आता कुठलाही कॉल आला की दोन्हीकडे वाजतो. म्हणजे चुकीच्या ठिकाणी जायचा प्रश्नच मिटला. दोघेही एकदम उचलतात, मग तुमचा की माझा यावरून थोडी बाचाबाची होते. मास्तर मला म्हणाले, बाई फार खेकसतात हो. बाई म्हणाल्या, त्या माणसाला आधी मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला सांगा, कानाला त्रास होतो. निरोप पोचवला. कस्टमर केअर म्हणतात ते हेच.

२१ मार्च
बाचाबाची बंद. पेशंटने फोन ठेवला तरी हे दोघे लाईनवर असतात. मास्तरांचा घसा सुटलाय. बाई आज चक्क हसल्या, तेही माझ्याकडे बघून. चांगली सर्व्हिस गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर दिसते.

२८ मार्च
वापर प्रचंड! स्क्रीनवर दोन्हीकडचे हिरवे दिवे दिवसभर पेटलेले. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. हिला बोलावून दाखवलं. ही बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, अहो, ही दोघं एकमेकांशी बोलतायत. मी म्हटलं, बोलणारच, इंटर्नल कॉल फ्री आहे. हिने कपाळाला हात लावला.
गिऱ्हाईक आपल्या सिस्टिमच्या प्रेमात पडलंय. धंद्यात आणखी काय हवं?
तक्रार एकही नाही. तक्रारीचा नंबर याच सिस्टिमवर आहे. सहज लावून बघितला, माझाच आवाज आला. थोडा वेळ ऐकत बसलो. भारदस्त आहे.

४ एप्रिल, दुपारी
डॉक्टर घरी आले. तांबडेलाल. म्हणाले, आठवडाभर खुर्ची रिकामी आहे. मी म्हटलं, भागातल्या लोकांचे दात सुधारले असतील. त्यावर ते म्हणाले, मी स्वतः बाहेरून फोन लावून पाहिला, तुमचा तो मोलाचा कॉल ऐकून ऐकून माझे दात दुखायला लागले.
मी सर्व्हरवरच्या लोडबद्दल सांगणार होतो. तेवढ्यात हीच मध्ये पडली. डॉक्टरांना पाणी दिलं आणि सरळ सांगून टाकलं की तुमच्या बाई दिवसभर मास्तरांशी बोलत असतात. डॉक्टरांचा राग कुठल्या कुठे गेला. बोलतात? आमच्या बाई? आणि काय बोलतात? दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या. मला कोणी विचारलं नाही.

११ एप्रिल
मास्तर आणि बाई जोडीने आले. लग्न ठरलं! बाई नोकरी सोडून स्कूलमध्ये येणार, बायकांना गाडी शिकवणार. जाहिरातीसाठी सर्व्हिसबद्दल चार शब्द मागितले. मास्तरांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, साहेब, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही. आता तेवढा फोन काढून न्या.
डॉक्टरांनी त्यांचा खोका आधीच आमच्या दारात आणून ठेवलाय.
ही दोघं गेल्यावर मी बराच वेळ वायरी गुंडाळत बसलो. बायको शेजारी येऊन बसली, दुसरं टोक धरलं. म्हणाली, दोन माणसं जोडलीत, ते तर खरं ना. टार्गेटमध्ये हे कुठे मोजायचं, ते कळेना.

१७ एप्रिल
जुन्या ऑफिसात सहज डोकावलो. माझ्या जागेवर दुसरा माणूस बसलाय. बरा वाटला. मी सहजच गेलो होतो.
हिने परस्पर डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. त्यांना रिसेप्शनवर कोणीतरी हवंय. तात्पुरतं. दवाखान्यांच्या मार्केटचा आतून अभ्यास होईल, म्हणून हो म्हटलं.

१८ एप्रिल
रुजू झालो. एक टेबल, एक खुर्ची आणि डॉक्टरांचा साधा मोबाईल. तो फक्त उचलायचा, उघडायचा नाही, सेटिंगमध्ये तर जायचंच नाही, अशी सक्त ताकीद.
बाराच्या सुमारास पहिला फोन आला. हिचा. मी विचारलं, दाढ दुखतेय का? नाही म्हणाली, लागतो का तेवढंच बघत होते.
लागला.